मेहुण्यांचा खोकला

बाबा हॉस्पिटलमध्ये होते आणि बाबांचा खोकला घरात होता.

दुपारची वेळ होती. ठकीला थोपटून थोपटून कुठे डोळा लागला होता आणि मी आतल्या खोलीत लॅपटॉप उघडून बसले होते. मुलगी झोपते तेवढाच माझा कामाचा वेळ, त्यामुळे त्या वेळात मी शिंकसुद्धा जपून देते. तेवढ्यात गॅलरीतून आवाज आला. आधी दोन कोरडे ठसके, मग छातीच्या तळातून ओढून काढलेला एक लांब खोकला, आणि शेवटी वैतागून, "श्शी!" खोकून झाल्यावर स्वतःवरच चिडून 'श्शी' म्हणायची सवय या घरात एकाच माणसाला आहे. पाणी नेऊन द्यायला मी खुर्चीतून अर्धी उठलेसुद्धा. मग लक्षात आलं.

गॅलरीत पिंजरा होता आणि पिंजऱ्यात मेहुणे होते.

हे नाव माझ्या सासऱ्यांनीच, म्हणजे बाबांनीच ठेवलेलं. राखी अंगाचा, लाल शेपटीचा पोपट. मूळचा सासूबाईंच्या धाकट्या भावाचा, म्हणजे आमच्या मामांचा. मामा शहराच्या पार दुसऱ्या टोकाला एकटे राहायचे. थंडी सुरू झाली तेव्हा तापाने पडले, कुणाला कळवलं नाही, आणि गेले. न्यूमोनिया असणार, असं सगळे म्हणाले. आईंना त्यांच्या घरातलं दुसरं काहीच नको होतं, ना कपाट, ना भांडी. चादरीत गुंडाळलेला पिंजरा मांडीवर घेऊन त्या टॅक्सीने घरी आल्या. चादर काढली, तसे आतून मामा म्हणाले, "ताई, दार लाव. वारा येतोय."

पोपट बोलतात तसलं चिरकं बोलणं नव्हतं ते. मामांचाच आवाज, थोडा आळशी, नाकात बोलल्यासारखा. माझ्या नवऱ्याच्या हातातून कप निसटला. आई मात्र शांतपणे उठल्या आणि त्यांनी दार लावलं.

"जिवंतपणी चार दिवस राहायला ये म्हटलं तर आला नाही," बाबा म्हणाले. "आता मुक्कामालाच आला. या मेहुणे!"

तेव्हापासून ते मेहुणे. बाबा रोज सकाळी विचारायचे, "काय मेहुणे, झाली का झोप?" आणि पिंजऱ्यातून मामा खोकायचे. मामांचा खोकला वेगळा. बारीक, भराभर, कुणीतरी दारावर नखांनी वाजवल्यासारखा. माझी ठकी अजून तीन वर्षांची नाही, तिला मामा धड आठवतही नाहीत. तिच्यापुरते पिंजऱ्यात मामाआजोबाच राहत होते. ती आपल्या बिस्किटाचा तुकडा त्यांना दाखवायची, मग स्वतःच खायची आणि म्हणायची, "संपलं."

आईंचे गुडघे दुखतात, म्हणून पिंजरा साफ करायचं काम बाबांकडे आलं. खालचा ट्रे काढायचा, वाळलेली घाण खरवडायची आणि गॅलरीच्या कठड्यावर ट्रे आपटायचा. या जातीच्या पोपटाच्या पिसांतून पांढरी भुकटी गळते. बाबा आत यायचे ते पिठाच्या डब्यात डोकं घातल्यासारखे, भुवयासुद्धा पांढऱ्या. आम्ही हसायचो.

माझं काम काय, ते सांगायला हवं. हॉस्पिटलचे डॉक्टर रोग्याच्या फाइलमध्ये जे लिहितात, त्याला मी कोड देते. जगातल्या प्रत्येक दुखण्याला एक अक्षर आणि काही आकडे आहेत. मांजराने ओरबाडून येणाऱ्या तापाला वेगळे, उंदीर चावून येणाऱ्या तापाला वेगळे, जनावरांच्या मुतातून, दुधातून, कातड्यातून येणाऱ्या आजारांना वेगळे. जे अठरा पॉइंट नऊ म्हणजे न्यूमोनिया, जंतू अनिश्चित. थंडीच्या दिवसांत हा कोड माझी बोटं आपोआप टाइप करतात. घरात या कोडांची चेष्टा चालते. पोपट चावला तर एक कोड आणि पोपट उडत येऊन आदळला तर दुसरा, हे मी एकदा जेवताना सांगितलं, तेव्हा बाबांनी घास हातात धरून विचारलं होतं, "आणि माणसाचाच पोपट झाला तर?"

आमच्या कामात दोन गोष्टी पहिल्याच आठवड्यात अंगात मुरवतात. एक, डॉक्टरांनी लिहिलं नाही ते झालंच नाही. आणि दुसरी, डॉक्टरांना सुचवायचं नाही. फाइलमध्ये काही अर्धवट दिसलं तर प्रश्न विचारता येतो, पण प्रश्नाच्या पोटात उत्तर दडवायचं नाही. 'हा अमुक आजार तर नाही ना?' असं विचारणं म्हणजे आमच्यात पाप. 'कारण निश्चित झालं असल्यास कृपया कळवावे,' एवढंच. मग माझ्या मनात काहीही असो.

बाबांना आधी ताप आला. मग डोकं असं दुखायला लागलं की ते पडदे लावून बसायचे, आणि मग तो खोकला. भरती केलं, छातीचा फोटो काढला, सलाइनमधून औषध सुरू झालं. ताप उतरायचं नाव घेईना. मी ठकीला शेजारी ठेवून भेटायला गेले, तेव्हा बाबांचे ओठ सुकून गेले होते आणि ते मला ओळखायला थोडा वेळ लावत होते. नवरा खिडकीकडे तोंड करून उभा होता.

बाहेर व्हरांड्यात डॉक्टर भेटल्या. माझ्याच वयाच्या असतील. केसांची क्लिप दातात धरून केस बांधत होत्या. त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे बाबा आले होते, ट्रेवर वाकलेले, भुवया पांढऱ्या झालेले. 'पोपट' हा शब्द ओठांपर्यंत आला होता. आणि मी काय विचारलं?

"न्यूमोनियाचं कारण काही निश्चित झालंय का?"

"अजून नाही," त्या म्हणाल्या. "तपासण्या चालू आहेत. काळजी करू नका."

"बरं," मी म्हटलं आणि बाजूला झाले.

जिन्यावरून उतरताना मी स्वतःची समजूत घातली. डॉक्टरांनी घरच्यांना विचारलंच असणार. पहिल्या दिवशी आई आणि नवरा होते, त्यांनी सांगितलं असणार. मी मध्ये कशाला तोंड घालू?

तर त्या दुपारी मी गॅलरीच्या दारात उभी होते. आई हॉस्पिटलमधून यायच्या होत्या. पिंजऱ्यातला पक्षी फुगून बसला होता, पिसं विस्कटलेली, एक डोळा चिकटलेला. उघड्या डोळ्याने तो माझ्याकडे बघत होता. त्याने बाबांचा खोकला पुन्हा एकदा काढला, "श्शी"सकट. आणि मला कळलं की मला नेमकं काय टोचत होतं. खोकल्यानंतर बाबांना धाप लागते. इथे धाप नव्हती. खोकला संपला की एकदम काहीच नाही, जणू खोकणाऱ्याला श्वासाची गरजच नाही.

मग मामांचा खोकला आला, दारावर नखं वाजवणारा.

आणि मग नळ सुरू झाला.

मी दचकून वळले. गॅलरीच्या कोपऱ्यात एक नळ आहे, पिंजरा धुण्यासाठी आम्ही तो वापरतो. नळ बंद होता. खालची फरशी कोरडी ठणठणीत. पण पाणी पडत होतं, जोरात, बादलीत पडावं तसं, आणि पक्ष्याचा गळा थरथरत होता. त्या पाण्याखाली कुणीतरी खोकत होतं. तोंडाशी कापड घट्ट दाबून, आवाज बाहेर फुटू नये म्हणून जिवाच्या आकांताने दाबलेला, बाईमाणसाचा खोकला. बराच वेळ चालला तो. मग नळाची चावी फिरल्याचं करकरणं, आणि शांतता.

मी खोकत नव्हते. ठकी खोकत नव्हती. मामांकडे कुणी बाई नव्हती, आणि ते करकरणं आमच्याच नळाचं होतं.

बाबा भरती झाल्यापासून पिंजरा आई साफ करत होत्या.

दाराची कडी वाजली. आई आल्या, चपला काढल्या, आणि ठकी झोपलीय हे पाहून पावलं न वाजवता गॅलरीत आल्या.

"काय गं, भूत बघितल्यासारखी का उभी आहेस?"

"आई, तुम्हाला खोकला कधीपासून येतोय?"

"मला? मला कुठला खोकला?"

त्यांच्या पाठीमागे नळ सुरू झाला.

आईंनी वळून पाहिलं नाही. पाणी पडत राहिलं, त्याखालचा खोकला चालत राहिला, आणि समोर उभ्या असलेल्या आईंचे ओठ घट्ट मिटलेले. ते ऐकणं आणि हे बघणं एकाच वेळी सहन होण्यासारखं नव्हतं. चावी करकरली तेव्हा त्या हळूच स्टुलावर बसल्या.

"चहाडखोर मेला," त्या म्हणाल्या, आणि म्हणतानाही आवाजात माया होती.

मी त्यांच्या कपाळाला हात लावला. कपाळ तापलेलं होतं.

"डॉक्टरांनी विचारलं होतं का हो, घरात पक्षी आहे का म्हणून?"

"विचारलं की. पहिल्याच दिवशी. कुत्रा आहे का, मांजर आहे का, पक्षी आहे का, सगळं विचारलं."

"मग?"

"मी नाही म्हटलं." त्या मान खाली घालून गुडघा चोळत होत्या. "तुझा नवरा खाली पैसे भरायला गेला होता तेव्हा. कोणी नव्हतं."

"आई!"

"अगं, घरात प्राणी आहेत का, असं विचारलं त्यांनी. प्राणी कुठाय घरात? माझा भाऊ आहे तो."

त्याच पुढे बोलल्या, भराभर, कधीपासून साठवून ठेवल्यासारखं. "सांगितलं असतं तर नेला असता त्याला. कुठेतरी नेऊन सुई टोचली असती. तुला माहीत नाही, दुपारी तुम्ही आत असता तेव्हा तो काय करतो. त्याचा फोन वाजतो. त्याच्या घरातला फोन. वाजतो, वाजतो, कुणी उचलत नाही, बंद होतो. परत वाजतो. ते फोन माझे आहेत गं. तो गेला त्या दिवशीचे. मी इथून करत होते आणि तिथे हा एकटा ऐकत होता." त्यांनी पिंजऱ्याच्या गजावर बोट ठेवलं. "त्याच्या शेवटच्या दिवसाला दुसरं कोण होतं सांग ना. एवढंच उरलंय माझ्याकडे."

"आणि बाबा?" मी विचारलं. माझा आवाज मलाच परका वाटला. "बाबा तिथे आहेत, आणि त्यांचा खोकला इथे ठेवून घेतलाय यानं. आधी मामांचा, मग त्यांचा, आता तुमचा. जो पिंजरा साफ करतो त्याचा. बाबांना चालू असलेलं औषध पक्ष्यांकडून येणाऱ्या या आजारावर चालत नाही, आई. याचं औषध वेगळं आहे, साधं आहे. फक्त डॉक्टरांना कळायला हवं. तुम्ही सांगत नसाल तर मी सांगते."

पक्ष्याने पंख झाडले आणि उन्हाच्या पट्ट्यात पांढरी भुकटी हळूहळू खाली उतरत गेली. आम्ही दोघीही ती बघत होतो.

"मामाआजोबा, नळ बंद करा," मागून आवाज आला.

ठकी उठली होती. एका हाताने डोळे चोळत, पावलं मोजल्यासारखी टाकत, ती सरळ त्या उन्हाच्या पट्ट्यात शिरायला निघाली, बोट पुढे करून, पिंजऱ्याच्या दिशेने.

"तिथेच थांब!"

आई ओरडल्या. नातीवर त्या कधी आवाज चढवत नाहीत. मी रागावले तर माझ्यावर चढवतात. ठकी जागच्या जागी थिजली, खालचा ओठ बाहेर आला आणि तिने भोकाड पसरलं. आईंना त्या ओरडण्याने खोकल्याची उबळ आली, आणि या वेळी त्यांनी ती दाबली नाही. तोंड फिरवून, कठडा धरून, मनसोक्त खोकल्या. तोच खोकला. फक्त त्याच्यामागे धाप होती.

मी ठकीला उचलून आत नेलं आणि गॅलरीचं दार लावून घेतलं. आई बाहेरच्या खोलीत आल्या, तोंड धुतलं आणि हात पुढे केला. "फोन दे. खोटं मी बोलले, तू का सांगायचं?"

मी हॉस्पिटलमध्ये बसलेल्या नवऱ्याला फोन लावून दिला, त्याने तो डॉक्टरांकडे नेला. आई भिंतीकडे बघत बोलत होत्या. "बाई, मी त्या दिवशी नाही म्हटलं होतं. घरात पोपट आहे. हो. आजारी दिसतोय. माझे यजमान रोज त्याची घाण काढायचे. हो, वाळलेली." मग पलीकडून काहीतरी विचारलं गेलं, आणि आईंनी माझ्याकडे बघितलं. "आणखी कुणाला? मला."

त्यानंतर सगळं भराभर झालं. बाबांचं औषध त्याच संध्याकाळी बदललं. आईंना त्याच वॉर्डात, मधे एक पडदा सोडून पलीकडची खाट मिळाली. डॉक्टरांनी मला, ठकीला, नवऱ्याला तपासलं, ठकीची छाती दोनदा ऐकली आणि ताप आला तर तासभरही न थांबता आणायला सांगितलं. रक्त तपासायला गेलं. घरच्या माणसाची फाइल आम्हाला करता येत नाही, त्यामुळे तो कोड, ए सत्तर, पोपटांकडून येणाऱ्या तापाचा, पुढे दुसरीच कुणीतरी टाकणार होती. मामांची फाइल तर कधी झालीच नव्हती. आमच्या हिशेबाने त्यांना काही झालंच नव्हतं. ते फक्त गेले होते.

"तुम्ही व्हरांड्यात विचारलंत, तेव्हा मला वाटलं घाबरून विचारताय," डॉक्टर मला म्हणाल्या. "सरळ म्हणायचं ना, घरात पोपट आहे."

"सवय नाही," मी म्हटलं. त्यांना ते काही कळलं नसणार.

दोन रात्री गेल्या, आणि सकाळी नवऱ्याचा फोन आला. त्याला बोलता येत नव्हतं, नाक ओढत होता. मग म्हणाला, "ताप उतरला. चहा मागतायत. साखर कमी आहे म्हणून नर्सशी भांडलेत."

त्याच दिवशी प्राण्यांचे डॉक्टर यायचे होते, पक्षी घेऊन जायला. सगळ्या पक्ष्यांपासून वेगळा ठेवून कित्येक आठवडे औषध द्यावं लागेल, या वयात टिकेल की नाही सांगता येत नाही, असं ते फोनवर म्हणाले होते. आईंना मी तसंच सांगितलं, काही न लपवता. त्या पांघरुणाचं टोक बोटाभोवती गुंडाळत राहिल्या.

"त्याचा आवाज घेऊन ठेवशील? फोनमध्ये?"

म्हणून मी ठकीला आत टीव्हीसमोर बसवलं, मास्क लावला, आणि गॅलरीत पिंजऱ्यापासून लांब, फोन पुढे धरून उभी राहिले. "बोला ना मामा," मी म्हटलं. काही नाही. "ताई दार लाव, म्हणा ना." पक्षी एका डोळ्याने बघत राहिला. मी खोकून दाखवलं, अगदी बारीक, मामांसारखं. तेव्हा त्याने मान वाकडी केली आणि माझं फार लक्षपूर्वक ऐकलं. मी पुन्हा खोकले नाही.

डॉक्टर आले. हातमोजे, मास्क, डोळ्यांवर मोठा चष्मा. त्यांनी आधी फरशी औषधाच्या पाण्याने भिजवली, मला झाडू अजिबात मारायचा नाही म्हणून बजावलं, पिंजऱ्यावर जाड कापड टाकलं आणि तो उचलला. मी दार उघडून धरलं. पक्ष्याने हूं का चूं केलं नाही.

ते जिना उतरायला लागले, आणि कापडाच्या आत, अंधारात, तो बोलू लागला.

सगळं. एकामागून एक, थांबा न घेता. फोन वाजला, वाजून बंद झाला. नखं वाजली. "ताई, दार लाव." मग जे मी कधीच ऐकलं नव्हतं ते, मामांचं एकट्याचं पुटपुटणं, कोणता दिवस आहे, पाणी कुठे ठेवलंय. "येईल ती. येईल सकाळी." मजला संपला, वळण आलं, आवाज खाली खाली जात राहिला. एक म्हातारा माणूस स्वतःशी बोलत, खोकत, सावकाश आमचं घर सोडून चालला होता. मी धावत कठड्यापाशी गेले आणि हात लांब करून फोन जिन्याच्या पोकळीत धरला. आतून ठकी ओरडली, "टाटा, मामाआजोबा!"

खालच्या मजल्यावरचं दार उघडलं. तिथल्या काकूंनी डोकं बाहेर काढलं, पायऱ्यांकडे बघितलं, मग वर माझ्याकडे.

"कोण गं? कोण आलंय तुमच्याकडे?"

"आलं नाही, काकू," मी म्हटलं. "चाललेत."

संध्याकाळी मी ते आईंना ऐकवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. "येईल सकाळी"पाशी त्यांचा हात माझ्या मनगटावर आला आणि तिथेच राहिला. पडद्यापलीकडून बाबांच्या खोल, दमलेल्या श्वासांचा आवाज येत होता. फोनमधल्या काकूंनी विचारलं, मी उत्तर दिलं, खाली कुठेतरी फाटक लागलं, आणि सगळं थांबलं.

आईंनी डोळे उघडले.

"जिन्यात धक्का नाही ना लागला त्याला?"

"नाही, आई. अगदी सांभाळून नेलं."